वेलाची बाटली

साहेबांनी एक घोट घेतला आणि स्टीलचा पेला हळूच बाजूला सरकवला. वाइन आंबट होती; दुकानातली सगळ्यात स्वस्त, हे बाटली पाहताच त्यांनी ओळखलं होतं. जाफराबादच्या त्यांच्या जिनिंगमध्ये राजानंद बारा वर्षं कापूस तोलत होता. पहिल्यांदाच जेवायला बोलावलं आणि हे पाजलं, त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात खिडकीतला मनीप्लांट दिसला. वेल ज्या बाटलीतून वर चढला होता, ती त्यांनीच गेल्या दिवाळीत राजानंदला भेट दिलेल्या महागड्या वाइनची होती. "कशी होती?" त्यांनी विचारलं. "एकदम मस्त, साहेब," राजानंद ताटाकडे बघत म्हणाला. भाकरी वाढायला आलेली त्याची बायको, दीपमाला, थांबली. "खोटं कशाला बोलून राह्यले? ओतून दिल्ती, साहेब. आम्ही पंचशील पाळतो, घरात कुणी पेत न्हाई." "मग ही?" "तुमच्यासाठी. पाव्हण्याला कमी पडू नये म्हणून हे जिंदगीत पहिल्यांदा त्या दुकानात गेल्ते, तोंडाला रुमाल बांधून. कोणती पाह्यजे इचारल्यावर हाताला लागली ती घेऊन आले." राजानंद मान खाली घालून भाकरी मोडत बसला. साहेबांनी पेला पुन्हा जवळ ओढला आणि सावकाश, तळापर्यंत रिकामा केला. "वहिनी," ते म्हणाले, "ही बाटली टाकू नका. हिच्यातही वेल लावा."