दुसरीकडचा पहारा

१९९९ साली पेणच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये लढाईचा गेम खेळताना प्रणितला कोणी हरवू शकत नव्हतं. डावपेच तो वहीत लिहून ठेवायचा. रविवारच्या सामन्यासाठी क्लासमधला साहिल वही मागायला प्रणितच्या खाडीकाठच्या गावी आला, तेव्हा भातशेतीत कमरेएवढं खारं पाणी होतं. आदल्या दिवशीच्या उधाणात खाडी अडवणारा बांध पूर्वेकडे फुटून खांड पडली आणि रिवाजाप्रमाणे अख्खं गाव मातीच्या पाट्या घेऊन ती बुजवायला धावलं. पश्चिमेला उघाडीच्या, म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या मोरीच्या, दारापाशी राखण करणाऱ्या वडिलांनाही प्रणितनेच ओरडून बोलावलं. ते तिथून हलल्यावर तेच दार फुटलं. ‘तीन वर्सं भात नाय,’ वडील म्हणाले. साहिलने काहीतरी बोलायचं म्हणून वही उघडून पहिली ओळ वाचली: ‘शत्रू एका बाजूने आला, तरी दुसरीकडचा पहारा हलवायचा नाही.’ ‘कुनी लिवलंय?’ वडिलांनी विचारलं. ‘मीच,’ प्रणित पुटपुटला. पाण्याकडे बघत ते म्हणाले, ‘मग मला कशाला बोलावलंस?’