टेकडीवरचा विक्रम

शेवटच्या वळणावर निखिल एकटाच दिसला, आणि अरुणाताईंना घड्याळ न बघताच कळलं, की आज आशुतोषचा विक्रम मोडणार. मुलाच्या सरावाला वर्षानुवर्षं घड्याळ धरून उभ्या राहिलेल्या त्या. एरवी शर्यत संपेपर्यंत मंडपातल्या खुर्चीवर बसून असायच्या. आज आत फार उकडत होतं म्हणून शेवटच्या रेषेपाशी आल्या होत्या.

खारघरच्या टेकडीवर ही सायकल शर्यत दरवर्षी आशुतोषच्या नावाने होते. त्यांचा मुलगा राज्याचा चॅम्पियन. घाट चढण्यात त्याचा हात धरेल असा कोणी नव्हता, आणि ही टेकडी त्याच्याइतक्या कमी वेळात अजून कोणी चढलेलं नाही. कळंबोलीजवळ सरावाला निघालेला असताना ट्रेलरने त्याला उडवलं. लोक हळूहळू विसरतील म्हणावं, तर उलटंच. वर्षागणिक बॅनर मोठा होतोय आणि त्यावरची नगरसेवकांची डोकी वाढताहेत. अरुणाताई मेडल घालतात, फोटोला उभ्या राहतात, घरी जाऊन कुकर लावतात. सुरुवातीला रडू यायचं. आता काही म्हणजे काही वाटत नाही. दाढेचं इंजेक्शन दिल्यावर गाल चावला तरी कळत नाही, तसं.

आज मात्र आत काहीतरी हललं. मोडू दे, असं मनात आलं आणि त्या स्वतःच दचकल्या.

रेषा हाकेच्या अंतरावर असताना निखिलने ब्रेक लावला. एक पाय टेकला, बाटली काढून दोन घोट पाणी प्यायला, तोंड पुसलं. मग भाजी आणायला निघाल्यासारखा सावकाश पायडल मारत आला. टाळ्या पडल्या. माइकवर अरुणाताईंचे यजमान, जयप्रकाश, म्हणाले, "आशुतोषचा विक्रम यंदाही कायम आहे, मित्रांनो."

मेडल घालताना ताईंनी विचारलं, "दमलास का रे?"

"नाय काकू."

"मग थांबलास का?"

निखिल मेडलशी चाळा करत राहिला. "तिकडे थांबायचंच असतं. दादाचा टाइम कोण तोडत नाय. मागच्या वर्षीचा पण थांबला होता."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

त्याने माइककडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

जयप्रकाश मंडपामागे थर्मासमधून चहा ओतून घेत होते. ताई तिथे गेल्या.

"अहो, पोरांना थांबायला तुम्ही सांगता?"

त्यांनी नाही म्हटलं नाही. कप तसाच खाली ठेवला. "मोडला की संपलं, अरुणा. पुढच्या वर्षी कोण येणार इथे? हे सगळे येतात, म्हणून तो आहे."

बाहेर पोरं आशुतोषच्या नावाने घोषणा देत होती. ताई ऐकत उभ्या राहिल्या. चहावर साय धरली.

"हरू द्या हो त्याला एकदा," त्या म्हणाल्या. "जिंकला की लोक खांद्यावर घेऊन जायचे, दिवस दिवस पत्ता नसायचा. हरला की सरळ घरी यायचा."