मॅडमच्या मनगटावरची पट्टी

या, असे जवळ सरकून बसा, एक गोड गोष्ट ऐकवते. नर्सिंग कॉलेजच्या कडक मॅडम गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी स्वतःच वॉर्डात दाखल झाल्या. आणि इंजेक्शन घेऊन आली कोण, तर रुग्णाचं नाव न विचारताच औषध देते म्हणून त्यांनीच नापास केलेली पोर! पुन्हा चुकली असती तर कॉलेजच सुटलं असतं. बिचारीचा जीव मुठीत.

"मॅडम, आपलं पूर्ण नाव सांगता?"

"अगं, तीन वर्षं तुझ्यापुढे घसा फोडतेय आणि मलाच नाव विचारतेस? दे मुकाट्यानं!"

सारा वॉर्ड हसला. पण पोर हटली नाही. "नाव ऐकल्याशिवाय सुई टोचणार नाही."

मॅडमनी फणकाऱ्यानं नाव सांगितलं. पोरीनं त्यांच्या मनगटावरची पट्टी वाचली, तर तिच्यावर शेजारच्या खाटेवरच्या आजींचं नाव! तिनं सुई तशीच ट्रेमध्ये परत ठेवली.

मॅडमचा चेहरा देव पावल्यासारखा फुलला. "पास झालीस गं बाई! आजींना पटवून सकाळी मीच पट्ट्या बदलल्या होत्या."

शेजारून आजी कण्हत म्हणाल्या, "संपला का एकदाचा खेळ? मघाशी दुसऱ्या पोरीनं नाव न विचारता, नुसती पट्टी बघून तुमचा एनिमा मला देऊन टाकला. म्हटलं, गंमत कशाला मोडा!"

तर मंडळी, देवाचं नाव घ्याल तेव्हा त्या आजींचीही जरा आठवण ठेवा.