सिंकखालचा कॉक

तिसऱ्यांदा आलेल्या सुताराने सिंकखालचं कपाट उघडून फुगलेल्या लाकडावर बोट दाबलं. बोट आत रुतलं.

"वहिनी, व्हार्निश झालं, सिलिकॉन झालं. वरून रोज पाणी येत असेल तर लाकूड टिकणार कसं?"

पाणी सांडायचे ते हेमलताचे सासरे. नाना आताशा सगळंच विसरत. नळ चालू ठेवून निघून जात आणि सिंक भरून पाणी थेट कपाटात उतरे. अठरा वर्षं उघड्या फळ्यांवर संसार केल्यावर तिला ही सागवानी कपाटं मिळाली होती. रोज कपाटं पुसता पुसता ती रडकुंडीला येई.

शेवटी एका सकाळी कामावर निघताना तिने सिंकखालचा कॉक घट्ट बंद केला. नानांसाठी टेबलावर तांब्या भरून ठेवला.

संध्याकाळी परतली तर नाना नळापाशी उभे होते. हातात रिकामा पेला, ओठ सुकलेले. टेबलावरचा तांब्या भरलेलाच होता.

"बाई, सकाळपासून पाणी गेलंय," परक्या बाईशी बोलावं तसं ते अदबीने म्हणाले. "आमची सून येईलच. ती आली की देईल मला."

हेमलता सिंकखाली वाकली. तिने कॉक उघडला. नाना घटाघट तीन पेले प्यायले आणि नळ तसाच सोडून आत गेले.

तिने सुताराला फोन लावला.

"दादा, सिंकखालचं कपाट काढून न्या. नळ चालूच राहणार आहे."