झुलालचा बारावा

"'झुलाल ट्वेल्थ सॅटर्डे.' एवढंच लिहिलंय, आबा," मेघा म्हणाली.

पिंप्राळ्याच्या घरात रुपचंदआबांनी मोठ्या आजोबांच्या, म्हणजे झुलालच्या, फोटोची जुनी चौकट उघडली होती. मागच्या पुठ्ठ्यातून ही तार निघाली. सून शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून त्यांनी तिच्या हाती दिली. उद्या धुळ्याजवळच्या गावी मैदानाला झुलालचं नाव द्यायचं होतं. दगडावर कोरूनही झालं होतं, 'विलायतेत खेळता खेळता देह ठेवला.' त्या एका दगडासाठी आबांनी पंचायतीचे उंबरे झिजवले होते.

गोष्ट घरात सगळ्यांना पाठ. पांझरेकाठच्या या पोराच्या डाव्या हाताचा चेंडू असा काही वळायचा, की मुंबईच्या साहेबांनी त्याला हिंदी क्रिकेट संघाबरोबर थेट विलायतेच्या बोटीत बसवलं. भिकुबाईशी लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. पोराला लिहिता येत नव्हतं, म्हणून खुशाली कळेना. मग एकदाची तार आली. गावात इंग्रजी येणारे एकच मास्तर. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचलं, 'झुलालचा बारावा, शनिवारी.' घरात आकांत उसळला. भिकुबाईच्या बांगड्या फुटल्या. शनिवारी बारावा उरकला.

"आबा," मेघा हलकेच म्हणाली, "बारावा गडी हो! त्या शनिवारच्या सामन्यात ते राखीव होते."

आबा खो खो हसले. हसता हसता डोळ्यांना धार लागली. तिकडे माणूस मैदानात पाण्याचे पेले नेत होता आणि इकडे त्याच्या नावाने कावळ्याला घास! धन्य ते मास्तर. पुढे दुखवटा सरल्यावर रीतीप्रमाणे भिकुबाईचा धाकट्या दिराशी पाट लागला. आबा त्याच पाटाचे नातू. मास्तर चुकले नसते, तर आबा जन्मालाच आले नसते.

"पण मग ते परत का नाही आले?" मेघाने विचारलं.

आबांनी तार पुन्हा हातात घेतली. जिवंत माणसाला आपणच घराबाहेर काढलं की काय? दुपारचं ऊन पडद्यावर हलत होतं. त्या उन्हात आबांना गावचा ओटा दिसू लागला, अगदी शेणाच्या ओल्या वासासकट.

भाद्रपदातले पितरांचे दिवस. झुलालच्या तिथीला त्याच्या नावाने पितर म्हणून जेवायला दरसाल एकच म्हातारा यायचा. भुसावळच्या रेल्वेत होता म्हणे. भिकुबाई कुणाला हात लावू न देता स्वतः वाढायची. धाकटे आजोबा मात्र त्या दिवशी हटकून शेतावर जायचे. जेवण झालं, की म्हातारा ताटाजवळचं लिंबू डाव्या हातात घ्यायचा आणि ओट्यावर टाकायचा. लिंबू टप्पा घेऊन भलतीकडेच वळायचं. पोरं टाळ्या पिटायची.

सात वर्षांच्या रुपचंदने एकदा विचारलं होतं, "मोठी माय, गावमा इतला मानसे शेतस, मंग दरसाल हाऊच म्हतारा काबर?"

भिकुबाई पुरणपोळीवर तूप सोडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"दुसरा कोनी जेवना ना बेटा, तं त्याले पोचस नही."