शीलाताईचं टेन्शन

मलकापूरच्या बसस्टँडवरून धम्मशीला दुसऱ्यांदा घराकडे पळाली, तेव्हा अलफियानं मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. घराला कुलूप लागलंय की नाही, याची धम्मशीलाला खात्री नव्हती. बुलढाण्याची बस सुटायला आली होती आणि सारिका दारात पाय रोवून कंडक्टरची मनधरणी करत होती.

‘शीलाताईचं टेन्शन’ या मालिकेचा सतरावा भाग असा तयार झाला.

तिघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. धम्मशीला अडतीस वर्षांची, ज्युनिअर कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला, एकटी राहणारी. अलफियाचं शिलाईचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की ती मोबाइलवर विनोदी व्हिडिओ करायची. सारिका वडनेर भोलजीला दिलेली. तिला कोणाचीही नक्कल यायची. मालिकेत ती कधी डॉक्टर व्हायची, कधी कंपाउंडर, एकदा तर बीपीचं मशीन.

कुलपाचा संशय धम्मशीलाला लहानपणापासूनचा. आजारांचं वेड मात्र अलीकडचं, दोनेक वर्षांतलं. कधी छाती धडधडे, कधी पोटात गाठ लागे. मलकापुरातल्या डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं तरी तिला पटायचं नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ती बुलढाण्याच्या दवाखान्यात जायची, आणि एकटीला भीती वाटते म्हणून सारिकाला सोबत न्यायची.

सारिकाचा नवरा ताप अंगावर काढता काढता वारला, त्यालाही दोन वर्षं होऊन गेली होती. तेव्हापासून सासू केसरबाई तिला नांदुऱ्याच्या बाजारालाही एकटी सोडत नसे. धम्मशीलासाठी मात्र सोडायची. नातीला मांडीवर घेऊन ती मालिकेचे भाग बघायची आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. “जाय बाई,” सारिकाला म्हणायची, “त्या येडीले दुसरं कोन हाय?”

दिवाळीनंतर धाडच्या उत्तमरावांचं स्थळ आलं. धम्मशीलाच्या भावानं, प्रसेनजितनं आणलं होतं. कृषी सहायक, बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्यांनी मालिका पाहिली होती आणि त्यांना तिचा राग आला नव्हता. पोरं सर्वांत जास्त कोणतं पुस्तक नेतात, असं त्यांनी धम्मशीलाला विचारलं. ती म्हणाली, गाइडं. दोघंही हसले.

दुसऱ्या भेटीत सगळे मिळून बाहेर जेवायला निघाले. धम्मशीलानं कुलूप लावलं. उत्तमराव मागे थांबले, त्यांनी ते दोनदा ओढून बघितलं आणि लागलं म्हणून सांगितलं. त्या दिवशी ती अर्ध्या वाटेतून परत फिरली नाही. सारिकानं आणि अलफियानं तर लग्नातल्या साडीचा रंगही ठरवून टाकला.

तिसऱ्या खेपेला ते एकटेच आले. एकच अट घातली, तीही हळू आवाजात. व्हिडिओ करायला हरकत नाही, पण बुलढाण्याच्या चकरा बंद व्हायला हव्यात. अकोल्याला मनाच्या आजाराचे चांगले डॉक्टर आहेत, आपण दोघं जाऊ, ते म्हणतील तसं करू.

धम्मशीलानं साडीचा काठ चुरला.

“ते नाई जमनार मले,” ती म्हणाली.

“काऊन?”

“भेव वाटते.”

“कायचं?”

तिनं बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. उत्तमरावांनी गार झालेला चहा संपवला आणि निघाले. पुढे पंधरा दिवस त्यांनी तिच्या फोनची वाट पाहिली. मार्चमध्ये मेहकरच्या एका बाईशी त्यांचं लग्न झालं.

प्रसेनजितनं बहिणीशी बोलणं टाकलं. अलफिया घरी येऊन रडली. माझ्या व्हिडिओंनी तुझं वाटोळं केलं, आजच सगळे भाग काढून टाकते, असं म्हणाली. धम्मशीलानं तिचा हात धरला. काढायचे नाहीत, उलट स्थळ मोडल्याचाच भाग कर, आणि त्यात मी आधीपेक्षा जास्त बिमार दिसले पाहिजे, असं बजावलं.

अलफियानं हात सोडवून घेतला. “तुले लोकायच्या हसन्याची चटक लागली, शीला,” ती म्हणाली आणि उठून गेली. ओट्याशी पाठमोरी उभी असलेली सारिका चहा गाळत होती. ते गाळणं तिला बराच वेळ पुरलं.

अलफियानं तो भाग केला, पण धम्मशीला तिच्या मनातून उतरली ती उतरलीच. त्यानंतर तिनं धम्मशीलाकडे येणं सोडलं. तो भाग मात्र गावोगाव पोचला. कंडक्टरही तिकीट फाडताना विचारू लागले, ताई, आज काय दुखतंय. कॉलेजातली पोरं तिच्या टेबलासमोर छाती धरून उभी राहायची. धम्मशीला पुस्तकावर शिक्का मारायची आणि पुढच्याला बोलवायची.

पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी दोघी नेहमीसारख्या निघाल्या. राजूरचा घाट चढून बस बुलढाण्याला पोचली. दवाखान्यात आल्यावर केसपेपरच्या रांगेला वळसा घालून त्या मागच्या बाजूला गेल्या. तिथल्या खोलीच्या दारावर एचआयव्हीच्या औषधांची पाटी होती, तिच्यावर लाल रिबिनीचं चित्र. आत नवीन समुपदेशक बाई आल्या होत्या. त्यांनी रजिस्टर उघडलं, दोघींकडे बघितलं आणि पेशंट कोण म्हणून विचारलं.

सारिकानं तोंडावरचा स्कार्फ सोडला आणि खुर्ची पुढे ओढली.

बाईंनी तिचं वजन घेतलं. गोळ्या मोजल्या, एकही दिवस चुकला नाही ना, याची खात्री केली. मग घरी माहीत आहे का, असं विचारलं. सारिकानं मान हलवून नाही म्हटलं. सासूला कळलं तर मुलीला ठेवून घेईल आणि मला काढून देईल, एवढंच ती बोलली.

“मग दर महिन्याला घरून सोडतात कसे तुम्हाला?” बाईंनी विचारलं.

धम्मशीलानं मागून सारिकाच्या खांद्यावर हात ठेवला.

“बिमार मी हाय ना, मॅडम,” ती म्हणाली.