नियमात बसलेले आवाज

"नाही घेता येणार, दादा." तिनं पेन ड्राइव्ह काढून त्याच्यापुढं सरकवला. "सगळ्या फाईली नापास झाल्यात."

दादा हसला. "शाळेत मी नापास, आता या. घराण्यातच आहे म्हणायचं."

ती हसली नाही. शेजारच्या टेबलावरचे दोघं कान टवकारून बसले होते. अभिलेखागारात येणारी प्रत्येक डिजिटल फाईल आधी तिच्याकडे येई. ठरवून दिलेल्या प्रकारात आहे का, पुढच्या पिढ्यांना उघडता येईल का, हे बघून ती होय किंवा नाही म्हणे. दादाच्या फाईली आवाजाच्या होत्या. खाण बंद पडल्यावर त्यानं म्हाताऱ्या खाणकामगारांची घरं पालथी घातली आणि त्यांच्या आठवणी मोबाईलवर घेतल्या. मोबाईलनं जागा वाचवायला आवाज दाबून लहान केले होते. असे दाबलेले आवाज नियमात बसत नव्हते.

"ऐकून तरी बघ. एकेक माणूस काय बोललाय!"

"ऐकणं माझं काम नाही. मी फाईल तपासते."

"म्हणजे डबा बघायचा, आतलं चाखायचं नाही."

"नियम सगळ्यांना सारखा आहे, दादा. ठरलेल्या प्रकारात बदलून आण, लगेच घेते."

नियमाला एक सूट होती. फाईलीची दुसरी प्रत कुठंच नसेल, तर आहे तशी घ्यावी. फक्त साहेबांची सही लागे. साहेब जागेवर होते, दारही उघडं होतं. पण सख्ख्या भावासाठी सही मागायला गेलं, की चहाच्या वेळी सगळ्यांच्या तोंडी तोच विषय झाला असता. ती उठली नाही.

दादानं पेन ड्राइव्ह खिशात टाकला. "बरं, ठमे. तुझ्या नोकरीला बट्टा नको."

तो पुन्हा आला तेव्हा कितीतरी महिने उलटले होते. चेहरा उतरलेला, घसा बसलेला. या वेळी मात्र एकूण एक फाईल पास झाली.

"बसल्या ना नियमात?" त्यानं विचारलं.

"अगदी चपखल. बघ, जरा मेहनत घेतली की होतं."

"होतं खरं," दादा म्हणाला आणि चहा न घेताच निघून गेला.

त्याच वर्षी दादा गेला. बसल्या जागी, हृदयविकारानं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी अभिलेखागारात एक नर्स आली. तिला आजोबांचा आवाज ऐकायचा होता. आजोबा खाणीत होते आणि त्यांचं बोलणं इथं जपून ठेवलंय, असं तिला कुणीसं सांगितलं होतं. हेडफोन लावून ती ऐकत राहिली. मग तिनं तो हळूच काढला.

"बोलणं आजोबांचंच आहे हो. पण हा आवाज त्यांचा नाही."

तपासणी कुणी केली होती, याची विचारणा झाली. दादाची बहीण पुढं आली. तिनं नोंद उघडली. कुठंच खोट नव्हती. मग तिनं पहिल्यांदाच हेडफोन कानाला लावला.

दादा बोलत होता.

छत कोसळलं तेव्हा अंधारात जोडीदाराचा हात कसा धरून ठेवला, तो हात कसा गार पडत गेला, आणि तरी सोडवेना, हे दादा एखाद्या म्हाताऱ्यासारखा थांबत, खाकरत सांगत होता. दादा खाणीत कधी उतरला नव्हता. तिनं दुसरी फाईल लावली. तीत कुणी अनोळखी म्हातारा होता, खराखुरा. तिसरीत पुन्हा दादा. चौथीतही दादाच.

तिनं तिथूनच वहिनीला फोन लावला.

"तुला सांगायचं नाही, असं बजावलं होतं त्यांनी," वहिनी म्हणाली. "फाईली बदलायला बसले. नव्यांना जागा पुरेना, म्हणून जुन्या पुसल्या. नव्या उघडून बघतात तर काय, नुसती खरखर. चार दिवस अन्न गोड लागलं नाही त्यांना."

"मग?"

"जे हयात होते, त्यांच्याकडे पुन्हा गेले. बाकीची माणसं तोवर गेली होती गं. त्यांचं बोलणं यांना पाठच होतं, इतक्यांदा ऐकलेलं. मग दार लावून बसायचे आणि एकेकाचं बोलायचे."

"वहिनी, मला एका शब्दानं का नाही सांगितलं?"

"म्हणाले, तिला कळलं तर ती जन्मभर स्वतःला खात बसेल."

फोन ठेवल्यावर तिनं यादी खालपर्यंत नेली. शेवटची फाईल बाबांची होती. बाबांनी सारी उमर त्याच खाणीत काढली होती. जाण्याआधी, अंथरुणावरून, त्यांनी दादाला खूप काही सांगितलं होतं. ती तेव्हा परगावी परीक्षेला होती. बाबांचं ते बोलणं कधीतरी निवांत ऐकू, असं ती मनाशी म्हणत आली होती. फाईल कुठं पळून जाते थोडीच.

तिनं ती लावली.

सुरुवातीला काहीच नव्हतं. फक्त खुर्ची सरकल्याचा आवाज. कुणीतरी श्वास घेतला, बोलायला सुरुवात केली, आणि थांबलं. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबलं. मग दादा बोलला, त्याच्या स्वतःच्या आवाजात.

"ठमे, सगळ्यांचं जमलं. बाबांचं तेवढं मला जमेना गं. माफ कर."